बीडीडी चाळी पडताहेत, मुलाखती आत्ताच घ्यायला हव्यात

जिन्याखाली: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या) चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. 160 चौरस फुटांतून 500 चौरस फुटांत माणसं जाताहेत, त्याचा आनंदच आहे. पण गॅलरीत, पटांगणात, व्यायामशाळेत काय चालायचं ते कुठल्याच नकाशात सापडणार नाही. जुन्या रहिवाशांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा, आणि आत्ताच करा.

दप्तरी: मला हे पटत नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं गोडच आठवतं. ‘आमची दारं कधी बंद नसायची’ असं जो तो सांगेल. जानेवारी 1974 मध्ये वरळीच्या याच चाळींत दलित पँथरच्या सभेवर दगडफेक झाली, दलित-सवर्ण दंगल पेटली, चौकशीसाठी भस्मे आयोग नेमावा लागला. तेव्हा दारं उघडी होती का? अहवाल आणि वर्तमानपत्रं जपा.

जिन्याखाली: 1974 साठीच तर मुलाखती हव्यात! दंगल कशी पेटली, हे आयोग तपासतो. दुसऱ्या दिवशी शेजारणी एकमेकींशी बोलल्या का, हे तो कशाला विचारेल? आणि चुकीची आठवणही फुकट जात नाही. इटलीतल्या तेर्नीत लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे बरेच जण तो 1953 च्या कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात मारला गेला असं सांगत. इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी हा घोळ का झाला याचा माग काढला. कपातीची जखम लोकांना जास्त खोल लागली होती, हे त्यातून दिसलं.

तिसरा मजला: दोघांनाही विचारते, बोलायला कुणाला बसवणार? पुरुष गॅलरीतलं क्रिकेट सांगतील. मजल्यावरच्या सामायिक संडासात रात्री एकटीनं जायची धास्ती बाईच सांगेल, तीही घरात इतर कुणी नसताना. आधी गाठायचं ते पोटभाडेकरूंना. ती माणसं पांगली की पत्ता लागत नाही.

दप्तरी: पोटभाडेकरूंचा मुद्दा मान्य, कागदावर त्यांचं नाव फारसं नसतंच. तरी प्रत्येक मुलाखतीसोबत त्या काळची कात्रणं हवीत, आणि तारीख चुकली असेल तर तिथेच टीप.

जिन्याखाली: टीप जरूर द्या, पण बोलणाऱ्याचे शब्द बदलू नका. दंगलीबद्दलचं बोलणं मात्र त्या माणसाच्या परवानगीशिवाय खुलं करू नये. दोन्ही बाजूंची कुटुंबं आता एकाच लिफ्टनं जातात.

तिसरा मजला: मग ते कुलूपबंदच राहील. ज्यांचं घर तेव्हा फुटलं त्यांनी आणखी किती थांबायचं?