प्रतिसाद: ई. कोलाय आणि खाद्यातली जीवनसत्त्वं

दादा, तुम्ही विचारलंत, खाद्यात ई आणि सी जीवनसत्त्व वाढवलं तर ई. कोलाय या जंतूमुळे होणारी कोंबड्यांची मर थांबेल का? नुसत्या त्यानं थांबणार नाही, पण पक्ष्याची प्रतिकारशक्ती टिकते. कोंबडी सी जीवनसत्त्व स्वतःच्या मूत्रपिंडात बनवते. मात्र आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की तेवढं पुरत नाही. तेव्हा किलो खाद्यामागे २०० ते २५० मिलिग्रॅम द्या. पाण्यातून देणार असाल तर पहाटे, कारण तापलेल्या पाण्यात ते लवकर नासतं. ए जीवनसत्त्व कमी पडलं तर श्वासनलिकेचं अस्तर कमकुवत होतं, जंतू तिथूनच शिरतात. आणि कृपा करून कोलिस्टिन हे प्रतिजैविक शोधू नका, २०१९ पासून कोंबड्यांसाठी त्यावर बंदी आहे. मर चालूच असेल तर मेलेला पक्षी ताजा असतानाच पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या.