ओव्हरलोडिंगला मराठीत काय म्हणावं?

टिपणवाली: जळगावात पदविकेच्या पोरांसाठी जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेची टिपणं मराठीत करतेय. 'मेथड ओव्हरलोडिंग'ला 'अतिभारण' लिहिलं. वर्गात वाचलं तर मागच्या बाकावरून आवाज, "मॅडम, मग आरटीओ पकडत नाही का?" केळीचे ट्रक बघत वाढलेली पोरं, त्यांचं काय चुकलं? मेथड म्हणजे नाव दिलेला कोडचा तुकडा, पॅरामीटर म्हणजे तिला सोबत द्यायची माहिती. नाव एकच, पॅरामीटर संख्येने किंवा प्रकाराने वेगळे, आणि कुठली मेथड घ्यायची ते कंपायलर, म्हणजे कोडचं भाषांतर करणारा प्रोग्राम, ठरवतो. यात 'अति' काय आहे? दुसरा शब्द सुचवा.

शुद्धमती: 'नामभारण'. संस्कृतातून घडवलेला शब्द कुठल्याही जिल्ह्यात चालतो.

भुसावळकर: आमच्या जिल्ह्यात भार म्हणजे भारनियमन. मेथड भारली की लाइट जाणार. ओव्हरलोडिंगच ठेवा ताई, 'स्टेशन'ला कुठे शब्द शोधला आपण?

बोरीकाठ: काय सांगी राह्यना भो! शब्द समोरच आहे, 'भरणे'. बाजार भरतो, अर्ज भरतो, केळीला पाणी भरतो. सोबत काय आलं त्यावरून अर्थ. शिवाय भार आणि भरणे दोन्ही 'भृ' धातूचेच. ट्रकसुद्धा भरतातच.

शुद्धमती: 'बाजार भरतो' अकर्मक, 'अर्ज भरतो' सकर्मक. गल्लत नको.

बोरीकाठ: तेच तर म्हणतोय! एकीकडे कर्म नाही, दुसरीकडे एक. पॅरामीटरच मोजले तुम्ही.

टिपणवाली: उदाहरण झकास, उद्याच वापरते. नुसता रिटर्न टाइप, म्हणजे मेथड परत देते त्या उत्तराचा प्रकार, बदलून जावात ओव्हरलोडिंग होत नाही, तेवढं यात बसत नाही. पण मथळ्यात काय लिहू?

भुसावळकर: आणि ओव्हररायडिंगला? बापाची मेथड पोराने त्याच नावाने, त्याच पॅरामीटरनिशी आपल्या मनासारखी लिहायची. आमच्या घरात रोज चालतं, शब्दावाचून अडलं नाही.

सातारी: थांबा, केळीला पाणी 'भरतात'? पाणी हंड्यात भरतात. पिकाला देतात.

तापीकाठ: रावेरला येऊन बघा. शेतीची लाइट रात्री यायची, वडील बारा वाजता बॅटरी घेऊन निघायचे. कोणी विचारलं तर आई सांगायची, "पाणी भरायला गेले." आता ठिबक आहे, नुसता व्हॉल्व्ह फिरवायचा. तरी मी पाणी भरायलाच जातो.

सातारी: आमच्याकडे दारं धरतात.

टिपणवाली: मथळा?

शुद्धमती: 'दारं' की 'दारे'? आणि दार म्हणजे वाफ्याचं तोंड ना?