मदत हवी आहे: अण्णांसाठी चित्रांचा फलक कसा करावा?

माझ्या वडिलांना (वय ६६) पाच महिन्यांपूर्वी मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला. उजवा पाय बराच सुधारलाय, हात थोडा. बोलणं मात्र गेलं. डॉक्टर याला ब्रोकाचा वाचाघात म्हणतात. आपलं बोलणं त्यांना बरंचसं कळतं, पण स्वतःचा शब्द सापडत नाही. सगळ्याला एकच, "तेच ते, तेच ते." देवापुढे बसवलं की आरती शेवटपर्यंत म्हणतात आणि उठल्यावर पाणी मागता येत नाही.

अण्णा कांद्याच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी होते. परवा "पोळ्या किती?" विचारलं तर "एक, दोन, तीन" म्हणून थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. तीन हव्या होत्या! नुसतं 'तीन' निघत नाही, मोजत मोजत मात्र तिथवर पोचतात. मला रडूच आलं.

फोनवर चित्रांचं एक अॅप घेऊन दिलं. दोन दिवसांनी त्यांनी फोन पालथा घातला. चित्रं बालवाडीतली वाटतात, त्यांना राग येणारच. अक्षरांचा तक्ताही केला, पण अक्षरं जुळवायलाही तीच अडकलेली भाषा लागते.

आता घरातल्याच वस्तूंचे फोटो काढतेय: त्यांचा पेला, चष्मा, बीपीची गोळी, संडासचं दार. एका पानावर किती लावू? आणि मान 'हो' हलवतात तेव्हा कधी कधी 'नाही' म्हणायचं असतं. खात्री कशी करता?

प्रतिसाद: ताई, आमच्या सासूबाईंचं असंच होतं. आधी अण्णांना उजवीकडचं दिसतं का ते बघा. डाव्या मेंदूच्या स्ट्रोकमध्ये कधी कधी दोन्ही डोळ्यांची उजव्या बाजूची नजर जाते. आमचे निम्मे फोटो त्यांना दिसतच नव्हते आणि आम्ही म्हणायचो, लक्ष देत नाहीत. फोटो एकाखाली एक लावा, सुरुवातीला तीनच. 'हो' आणि 'नाही' मोठ्या अक्षरांत लिहून बोट ठेवायला सांगा, मग तोच प्रश्न उलटा विचारा: "चहा हवा?", "चहा नको?" आणि विचारल्यावर गप्प राहा, उत्तर यायला वेळ लागतो. बाहेर जाताना आम्ही आयआयटी मुंबईचं 'जेलो' हे चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अॅप वापरतो, मोफत आहे, मराठीतही आहे.

धागाकर्ती: नजरेचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. जेवताना ताटाची उजवी बाजू तशीच राहते त्यांची! हे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तपासायचं की मेंदूच्या?