शेजारची पतसंस्था बुडाली, आपल्या बँकेतली एफडी मोडावी का?

ठिबकवाला_माजलगाव

आमचं माजलगावात ठिबक-पाइपचं दुकान आहे. शेजारच्या तालुक्यातल्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेला गेल्या महिन्यात कुलूप लागलं. तिथं आमचा छदाम नव्हता. पण सोमवारपासून आमच्या नागरी बँकेसमोर लोक पासबुकं घेऊन उभे राहायलेत. मोंढ्यातले आडते म्हणायलेत, आज नाही काढले तर उद्या मिळणार नाहीत. अण्णांची ४ लाखांची एफडी आहे तिथं. मुदतीआधी मोडली तर व्याज जातंय. अण्णा म्हणतात, "सगळं गाव येडं असतंय का?"

बँका बुडण्यावर जगात एवढा अभ्यास झालाय म्हणतात. एक बुडाली की दुसरी खरंच बुडते का नुसत्या अफवेनं? जाणकारांनी सांगावं.

कापूसकोंड्या

काढून घ्या ना भाऊ. अभ्यास करत बसाल अन् रांगेत शेवटी उभे राहाल. माझ्या मेहुण्याची पावती अजून ठेवीदार समितीच्या फायलीत पडून आहे.

निवृत्त_कॅशियर_नांदेड

कापूसकोंड्या म्हणतात त्यात खोट नाही, आणि खरं दुखणं तेच आहे. डायमंड आणि डिबविग या दोघांनी १९८३ मध्ये हेच गणितात मांडलं. २०२२ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना बर्नान्केंबरोबर मिळालं. ठेवीदार आज पैसे मागू शकतो, पण बँकेनं दिलेलं ट्रॅक्टरचं कर्ज काही आज परत येत नाही. सगळे एका दिवशी आले तर धडधाकट बँकही आडवी होते. म्हणून दुसरे पळायलेत हे बघून पळणारा माणूस येडा नसतो. अण्णांचं तेवढं बरोबर आहे.

पण पळतं कोण, हे बघण्यासारखं आहे. २००१ मध्ये गुजरातेत माधवपुरा मर्कंटाइल बँक बुडाली, शेअर दलाल केतन पारेखला दिलेल्या कर्जांपायी. मग तिथल्या दुसऱ्या एका सहकारी बँकेवर रांग लागली. अय्यर आणि पुरी या अभ्यासकांनी त्या बँकेचं एकेक खातं तपासलं. जुने खातेदार आणि ज्यांचं तिथं कर्ज होतं ते कमी पळाले. आणि ज्याच्या ओळखीतले पळाले, तोही पळण्याची शक्यता वाढली. आता ओळख कशावरून ठरवली? खातं उघडताना अर्जावर ओळख देणाऱ्याची सही लागायची, ती त्यांनी धरली. वाचून मी खुर्चीतच उठून बसलो. आमच्या शाखेवर नव्वदच्या दशकात अशीच अफवा आली होती. विड्रॉल स्लिपा माझ्याकडं येत होत्या आणि मला सह्या ओळखीच्या वाटत होत्या: एका किराणावाल्यानं ज्यांना ओळख दिली होती ते सगळे, तासाभरात, एकामागं एक. किराणावाला स्वतः पहिला होता. मॅनेजरसाहेबांनी तिजोरीतल्या शंभरच्या बंडलांची थप्पी काचेपाशी, लोकांना दिसेल अशी रचायला लावली. दुपारी चारला निम्मी रांग चहाला गेली ती परत आलीच नाही.

न्यूयॉर्कात १८५४ आणि १८५७ च्या घबराटीतही तेच. तिथल्या एका बचत बँकेचे बरेच खातेदार आयर्लंडहून आलेले. केली आणि ओ ग्राडा यांनी जुन्या वह्या काढून दाखवलं की कोण पळालं हे सगळ्यात जास्त ठरलं ते माणूस आयर्लंडातल्या कोणत्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, यावरून. म्हणजे आपल्याकडं गेवराईचे एकीकडं, केजचे एकीकडं. बँक दोन्ही वेळा टिकली.

उलट बाजू पण आहे. कॅलोमिरिस आणि मेसन यांनी जून १९३२ ची शिकागोतली घबराट तपासली. त्यात ज्या बँका बुडाल्या त्या आधीपासूनच कमजोर होत्या; चांगल्या बँका, एकमेकींचा टेकू घेऊन का होईना, वाचल्या. माझा कल याच बाजूला आहे. अफवा दार ढकलते, पण आत वाळवी असावी लागते. आणि वरून वेळेवर पैसा मिळाला तर कशी गोष्ट बदलते ते अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात दिसलं. तिकडं मध्यवर्ती बँकेच्या विभागवार वेगळ्या रिझर्व्ह बँका असतात. त्या राज्याचा उत्तर भाग सेंट लुईसच्या रिझर्व्ह बँकेकडं, दक्षिण अटलांटाच्या. १९३० च्या अखेरीस घबराट झाली तेव्हा अटलांटानं सढळ हातानं उसने दिले, आणि त्या भागातल्या बँका जास्त टिकल्या. राज्य एक, कायदे एक.

तेव्हा ठिबकवाले, रांग किती लांब आहे ते सोडा. त्या पतसंस्थेचा आणि तुमच्या बँकेचा पैशाचा संबंध होता का, एवढं शोधा.

ठिबकवाला_माजलगाव

दादा, संबंध होता म्हणतात. पतसंस्थेचं खातं आमच्याच बँकेत होतं.

निवृत्त_कॅशियर_नांदेड

मग दिशा बघा. पतसंस्थेनं तुमच्या बँकेत पैसे ठेवले असतील तर बँक तिचं देणं लागते. त्यात बँकेचं फार तर ठेवी कमी होण्याचं नुकसान. बँकेनं तिला, किंवा तिच्या संचालकांच्या कारखान्याला, कर्ज दिलं असेल तर मात्र भोक पडलं. गुजरातेतच अय्यर आणि पेद्रो यांनी दाखवलं की माधवपुरा बँकेत ज्या बँकांचा जास्त पैसा अडकला होता, त्यांच्याच ठेवी जास्त निघून गेल्या, आणि ज्या मुळात कमजोर त्यांच्या आणखी.

सीए_होणार_लातूर

एक भर घालते. पतसंस्थेला, मल्टिस्टेट असली तरी, ठेव विमा नाही, नागरी बँकेला आहे. हा विमा १९६२ चा, केरळची पलाई सेंट्रल आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्यावर आला. तेव्हा मर्यादा १,५०० रुपये होती, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख, मुद्दल आणि व्याज धरून. अण्णांचं बचत खातं त्याच बँकेत असेल तर तेही यातच मोजतात.

पण काका, गुजरातच्या त्याच अभ्यासात विम्यात बसणारे ठेवीदारही पळाले होते, कमी प्रमाणात का होईना. कारण साधं आहे: पैसा बुडणार नाही, पण अडकतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची आहे. अण्णांना त्या तीन महिन्यांत दवाखान्याला पैसा लागणार असेल तर थोडा भाग मोडा. नसेल तर काय घाई?

ठिबकवाला_माजलगाव

दवाखाना आहेच, गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. म्हणजे दीड लाख काढावेत अन् बाकी राहू द्यावेत?

निवृत्त_कॅशियर_नांदेड

मी असतो तर तेच केलं असतं. आणि बँकेत जाताना सभासद म्हणून वार्षिक अहवाल मागा. एनपीए म्हणजे थकलेली कर्जं. त्यातून तरतूद वजा करून उरलेला निव्वळ एनपीए पहिल्या पानांवर ठळक छापतात, तिकडं जाऊ नका. ढोबळ, म्हणजे काही वजा न केलेला, एनपीए बघा. मग मागं परिशिष्टात संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडचं येणं कर्ज असतं, बारीक अक्षरात. तो तक्ता इथं टाका, बघून सांगतो.