पोरगा नववीत हाय, ओरडल्याशिवाय पुस्तक उघडत नाही, काय करू?

खानापूरकडची आई:
नमस्कार सगळ्यांना. आमचा मोठा नववीत हाय. सातवीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होता, तेव्हा अभ्यासाला बस म्हणून सांगावं लागत नव्हतं, सर रस्त्यात भेटले तरी कौतुक करायचे. आठवीला इंग्लिश मीडियमला घातलो, कारण पुढे पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स घ्यायचं तर सगळं इंग्लिशमधेच हाय. तिथनं जे बिघडलं ते बिघडलंच. पुस्तक उघडून बसतो पण पान पलटत नाही, विचारलं तर "करालोय की" म्हणतो आणि मोबाईल मांडीखाली. ट्यूशन लावली बेळगावला, जाऊन येऊन दोन तास बसमधे जातात. त्याचे बाबा म्हणाले ८५ टक्के पाड, गाडी घेऊन देतो, तर पंधरा दिवस जोरात अभ्यास झाला आणि परत होतं तसंच. आता ते रोज ओरडतात आणि हा जास्तच गप्प होत चाललाय.

आळशी म्हणावं तर तसं पण नाही. शेतातली मोटर बंद पडली की काकाबरोबर स्टार्टर उघडून दोन-दोन तास बसतो, जेवायला हाका माराव्या लागतात. मग अभ्यासातच असं का? स्वतःहून शिकावं असं त्याला वाटायला काय करायचं, कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

निपाणीचा मास्तर:
ताई, मी हायस्कूलला सायन्स शिकवतो, मराठी शाळेतनं इंग्लिश मीडियमला आलेली पोरं दरवर्षी बघतो. तुमचं वाचून मला तर आळसाचं काही दिसत नाही. एक करून बघा, धडा कुठलाही घ्या आणि त्याला म्हणा मला मराठीत सांग, मी ऐकते. चूक काढू नका, फक्त ऐका. त्याला विषय येत नाही की वाक्य कळत नाही हे दहा मिनिटांत समजेल. चौदा वर्षांच्या पोराला "मला कळत नाही" म्हणण्यापेक्षा "मला इंटरेस्ट नाही" म्हणणं सोपं जातं, कारण पहिल्यात लाज हाय.

आणि एक गोष्ट बऱ्याच पालकांना माहीत नसते. कर्नाटक बोर्डाचं नववीचं सायन्सचं पुस्तक मराठी माध्यमाचं पण निघतंय. धडे तेच, आकृत्या त्याच. मराठी शाळेतल्या कुणाचं तरी जुनं मागून आणा किंवा पाठ्यपुस्तक सोसायटीच्या साईटवरनं पीडीएफ घ्या. आधी मराठीत वाचायचं, मग इंग्लिश, शेवटी पुस्तक बंद करून आठवेल तेवढं लिहायचं. हे शेवटचं सोडू नका. रोडिगर आणि कार्पिक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मधे कॉलेजच्या मुलांवर करून बघितलेलं, आठवड्यानंतर नुसतं परत परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि वाचून झाल्यावर न बघता लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आणि पोराला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं की काल चार मुद्दे आठवले, आज सात. हुरूप तिथनं येतो बघा.

गाडीचं मात्र परत काढू नका. १९७३ चा एक प्रयोग हाय, बालवाडीतल्या ज्या पोरांना चित्र काढायला आवडायचं त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की काढलास तर बक्षीस मिळेल. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर ही पोरं बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणजे कौतुक करा, सौदा करू नका.

उद्यमबागचा टर्नर:
अक्का, मी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर काम करतो. दहावीला गणितात उडालो होतो, सप्लिमेंटरीला काढलो, मग आयटीआय. साइन कॉस टॅन हे कुणीतरी छळायला काढलंय असंच वाटायचं. आयटीआयला लेथवर टेपर, म्हणजे एका बाजूला निमुळता होत जाणारा तुकडा काढायचा होता, एका बाजूला ४० एमएम, दुसऱ्या बाजूला ३०, लांबी ५०. सर म्हणाले कोन किती फिरवणार सांग. फरक १०, त्याला लांबीच्या दुप्पट म्हणजे १०० नं भाग, टॅन ०.१ आला, कोन साधारण ५.७ डिग्री. फिरवलो आणि जॉब बरोबर निघाला. त्या दिवशी रात्री मी स्वतःहून गणिताचं पुस्तक काढलो, आयुष्यात पहिल्यांदा. पुढं डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळाली.

तुमचा पोरगा स्टार्टर उघडतो म्हणजे त्याच्या हातात सायन्स हायच की ओ. तिथनं सुरू करा. ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त लोड आला की ती बंद करणारा भाग) का पडतो ते त्याच्याकडनं शिकून घ्या, तुम्हाला खरंच माहीत नसेल तर अजून चांगलं. पण "बघ हे पण अभ्यासातच येतं" असं लगेच म्हणू नका, तेवढ्यानं पोरगं उठून जातंय.

वडगावची अक्का:
सगळं पटलं, पण पूर्ण मोकळं सोडा असं मी म्हणणार नाही. माझी मुलगी आता पीयूसीला हाय. आमच्यात ठरलं एवढंच की काय आणि कधी वाचायचं ते ती ठरवणार, पण रात्री साडेदहाला सगळ्यांचे मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे माझा पण, यांचा पण. पहिल्या आठवड्यात मलाच जास्त जड गेलं. आणि सासूबाई पहाटे पाचला उठवायच्या ते बंद केलं. या वयात झोपच उशिरा येते, शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, आणि आठ ते दहा तास झोप लागतेच. बारापर्यंत जागं असलेल्या पोराला पाचला उठवून काय डोक्यात जाणार? शाळेच्या बसच्या वेळेमुळे आठ तास जेमतेम होतात, तरी फरक पडला.

खानापूरकडची आई:
सगळ्यांचे आभार. नऊ दिवस झाले म्हणून लिहिते. मास्तरांनी सांगितल्यासारखं मराठीत सांग म्हटलं, तर जडत्व काय ते बसचा ब्रेक दाबल्यावर आपण पुढं कसं जातो ते उभा राहून करून दाखवला. आणि मग म्हणाला, "आई, मला उत्तर येतंय, प्रश्न कळत नाही." दीड वर्ष हे पोटात ठेवून बसला होता, मला रडूच आलं. मी मीडियम बदललं त्याच्या भल्यासाठी, पण त्याला एकदा पण विचारलं नव्हतं.

शेजारच्या मुलीचं मराठी पुस्तक आणलं. आता दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून बसतो, वहीत एका बाजूला इंग्लिश शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. ट्यूशन आठवड्यातनं तीनच दिवस ठेवलीय, कुठले तीन ते त्यानंच ठरवलं. गणिताचं अजून काही खरं नाही, मोबाईलवरनं दोनदा भांडण पण झालं. पण काल जेवणानंतर न सांगता वही घेऊन बसला. त्याचे बाबा बघितले, काही बोलले नाहीत, उठून टीव्हीचा आवाज कमी केले.