विकिपीडिया स्पर्धा : ग्रुप म्यूट केलेल्यांसाठी शनिवारची चर्चा

(शनिवारी रात्री ग्रुपवर मेसेजचा पूर आला होता. केकची ऑर्डर, सुप्रभात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चपलांचा वाद गाळून कामाचं तेवढं खाली देतेय. कंसातलं माझं. – वहिनी, ए-५०३)

मुग्धा (सी-३०२): नमस्कार मंडळी. महाराष्ट्र दिनाला रांगोळी आणि पाककृती असतेच, या वर्षी जोडीला एक वेगळी स्पर्धा घेऊया का? मराठी विकिपीडियावर ऐतिहासिक कागदपत्रांवरचे लेख सुधारायचे. तह, सनदा, फर्मानं, ताम्रपट, शिलालेख, काहीही. एप्रिलभर काम करायचं आणि १ मेला निकाल. मराठी विकिपीडियाही १ मेलाच सुरू झाला, २००३ साली.

सेक्रेटरी: कल्पना चांगली आहे. पण तिथे कुणीही काहीही लिहितं असं ऐकून आहे.

मुग्धा: कुणीही लिहितं, म्हणून तर आपल्यालाही लिहिता येईल काका. फक्त वाक्याला संदर्भ लागतो. नसला तर कुणीतरी येऊन 'संदर्भ हवा' अशी पाटी लावतं, नाहीतर वाक्यच काढतं. आणि हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०११ मध्ये एक विकिपीडियन, म्हणजे विकिपीडियावर लिहिणारा माणूस, आपल्याकडे बसवला होता. तिथे रोज एक जुना कागद 'आजचा दस्तऐवज' म्हणून लोकांसमोर ठेवतात. त्या कागदांवरचे लेख सुधारायला त्यांनी स्वयंसेवकांची स्पर्धा लावली होती.

ओंकार (डी-११०४): त्यांच्याकडे स्वातंत्र्याचा जाहीरनामा आहे ताई. आपल्या ठाण्यात काय आहे? तलाव आणि जेल 😀

माई (बी-६०४): ज्याला तू जेल म्हणतोस तो किल्ला आहे बाळा. १७८७ मध्ये त्या किल्ल्यात बांधकामासाठी पाया खणताना ताम्रपट निघाला. शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ चा, म्हणजे इसवी सन १०१७. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने 'एशियाटिक रिसर्चेस' काढलं, त्याच्या पहिल्याच खंडात या ताम्रपटाचं भाषांतर छापलेलं आहे. तू रोज बसने ज्या भिंतीजवळून जातोस ना, तिच्या आतली गोष्ट.

ओंकार: ओके ओके. माघार 🙏

(माईंनी शाळेत इतिहास शिकवलाय. नव्या बिऱ्हाडांना कल्पना नसेल.)

सेक्रेटरी: मध्येच एक सूचना. उद्या सकाळी टाकी धुणार, पाणी १२ पर्यंत बंद. चालू द्या.

ओंकार: मी लगेच एक सुरुवात केलीय. धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सरावाच्या पानावर आहे, अजून लेखात टाकलेलं नाही. "सुरतेच्या तहानुसार १७७५ मध्ये इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली." कसं वाटतंय?

माई: चूक आहे. किल्ला पडला डिसेंबर १७७४ मध्ये, तह झाला मार्च १७७५ मध्ये. पोर्तुगीज साष्टी, म्हणजे ठाण्याचा किल्ला ज्यावर आहे ते बेट, परत घ्यायला निघालेत अशी बातमी मुंबईत आली आणि इंग्रजांनी घाई केली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं ते पोर्तुगिजांकडूनच, त्यामुळे त्यांचा डोळा होताच. म्हणजे आधी कब्जा, मग कागद.

नाना (ए-२०१): हे वाचून राहवलं नाही. माझी सगळी नोकरी नोंदणी कार्यालयात गेली. आधी कब्जा घ्यायचा आणि मग कागद करायचा, हे माझ्या टेबलावर रोज यायचं.

नाना: मुग्धा, हे तह तुम्ही इतिहास म्हणून वाचता, मी दस्त म्हणून वाचतो. सुरतेचा तह घ्या. लिहून देणार रघुनाथराव, लिहून घेणार मुंबईचे इंग्रज. मोबदला काय? अडीच हजार फौज. बदल्यात साष्टी, वसई, शिवाय सुरत-भडोचच्या उत्पन्नातला वाटा. आता पहिला प्रश्न: लिहून देणाऱ्याच्या नावावर सातबारा आहे का? नाही. पेशवाईची वस्त्रं सवाई माधवरावाला दिलेली, तो तेव्हा वर्षाचाही नव्हता, आणि कारभार बारभाईंच्या, म्हणजे पुण्याच्या कारभारी मंडळींच्या हातात. दुसरा प्रश्न: घेणाऱ्याला सहीचा अधिकार आहे का? तोही नाही. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टनंतर असे तह करायला कलकत्त्याच्या, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या सरकारची संमती लागत होती, मुंबईने ती घेतलीच नाही. दोन्हीकडून कच्चा दस्त!

माई: नाना, कमाल. मी इतकी वर्षं शिकवलं, पण मुलांना हे असं सांगायचं सुचलं नव्हतं. आणि कलकत्त्याने तो खरंच रद्द ठरवला. कर्नल अप्टनला पाठवलं, १ मार्च १७७६ ला पुरंदरला नवा तह केला. गंमत म्हणजे त्यातही साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

नाना: दस्त रद्द झाला, कब्जा गेला नाही. अगदी नेहमीचंच.

मुग्धा: नाना, लेखात नेमकं हेच हवंय. आपल्याकडे तहावर लिहायला बसलं की दोन ओळी तहाच्या आणि बाकी सगळं लढाईचं आणि कोण किती शूर होतं त्याचं. कागदावरचा लेख कागदाबद्दल असावा. कुणी कुणाशी केला, कलमं किती, कुठल्या भाषेत, मूळ प्रत कुठे आहे, छापील मजकूर कुठे मिळतो, पुढे तो पाळला की मोडला.

वहिनी (ए-५०३): मग ठाण्याचा शेवटचा निकाल कुठल्या कागदात लागला?

माई: साल्बाईच्या तहात, १७ मे १७८२. त्याआधी १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज अडकले तेव्हा त्यांनी साष्टीसकट सगळं परत द्यायचं कबूल केलं होतं, आणि सुटल्यावर वरच्यांनी ते झटकून टाकलं. साल्बाई ग्वाल्हेरजवळ आहे. महादजी शिंदे आणि डेव्हिड अँडरसन यांनी तिथे बोलणी पुरी केली. एकूण सतरा कलमं. वसई मराठ्यांना परत मिळाली. साष्टी, घारापुरी, करंजा इंग्रजांकडे कायम. पुण्यात नाना फडणिसांनी त्यावर मान्यतेची मोहोर उठवायला बरेच महिने लावले.

वहिनी: करंजा म्हणजे आपलं उरणचं?

माई: हो, तेच.

(इथून पुढे गाडी गुणांवर घसरली. खरं भांडण इथेच आहे.)

खजिनदार: बक्षिसं काय आणि गुण कसे देणार? मोजता येईल असं काहीतरी ठेवा, नाहीतर १ मेला वाद. विकिपीडियावर प्रत्येक संपादनात किती बाइट वाढल्या ते दिसतं म्हणे. ज्याच्या जास्त बाइट तो पहिला. सोपं.

ओंकार: 👍 मला चालेल

मुग्धा: काका, देवनागरीत एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. 'तह' लिहिलं की सहा बाइट, 'साष्टी' लिहिलं की अठरा. लंबंचवडं लिहिणारा जिंकेल. 'हा तह अत्यंत महत्त्वाचा व ऐतिहासिकदृष्ट्या अनन्यसाधारण होता' या वाक्यात माहिती शून्य आहे, बाइट मात्र भरपूर.

नाना: आमच्याकडे पानावर फी घ्यायचे तेव्हा लोक एका ओळीत मावेल ते चार ओळीत लिहीत नव्हते, उलट करायचे. इथे उलट्याचं उलट होईल.

खजिनदार: मग काय मोजायचं?

मुग्धा: संदर्भ मोजू. पण तेही वेबसाइटच्या नुसत्या दुव्यांचे नकोत. पुस्तक, खंड, पान. चुकीचं वाक्य पुराव्यानिशी दुरुस्त केलं तर जास्त गुण. नवा लेख तयार करण्यापेक्षा आहे तो लेख नीट करणाऱ्याला वरचा नंबर, असं माझं मत आहे. दोन ओळींचे नवे लेख पाडणं सोपं असतं.

ओंकार: ताई, इंग्रजी लेख मशीनने भाषांतर करून टाकला तर?

मुग्धा: टाकू नकोस. मशीन तारखांचा घोळ घालतं आणि माणसांची नावं बिघडवतं. इंग्रजी लेख वाच, त्याच्या तळाशी दिलेली पुस्तकं उघड, मग आपल्या भाषेत लिही.

माई: मराठी विश्वकोशातून घेतलं तर चालेल ना? त्यातल्या नोंदी विश्वासाच्या आहेत.

मुग्धा: संदर्भ म्हणून उत्तम. पण परिच्छेद उचलून चिकटवायचा नाही, त्यावर हक्क आहेत. जुनं पुस्तक असेल तर वेगळं. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं झाली की मजकूर मोकळा होतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये गेले, त्यांचं लिखाण कधीच मोकळं झालंय. रियासतकार सरदेसाई १९५९ मध्ये गेले, ते २०२० पासून. ठाण्याचं १८८२ चं गॅझेटियरही मोकळंच आहे. मूळ कलमांसाठी एचिसनचा तहांचा संग्रह बघा.

माई: सरदेसाईंनी पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढलेत. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसायला माझी तयारी आहे. १८९३ पासून गावात इतकी जुनी संस्था आहे आणि आपण तिच्यासमोरून रिक्षाने जातो फक्त.

खजिनदार: मग बक्षीस म्हणून मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्षभराची वर्गणी भरूया. ट्रॉफ्या नकोत, गेल्या वर्षीच्या अजून मीटररूममध्ये पडल्यात.

सेक्रेटरी: मंजूर.

नाना: एक खासगी प्रश्न ग्रुपवरच विचारतो. आमच्या गावच्या घरी पणजोबांच्या वेळचा मोडीतला कागद आहे, शिक्का आहे त्यावर. त्याचा लेख करता येईल का?

मुग्धा: लेख नाही होणार नाना. विकिपीडियावर आपलं स्वतःचं संशोधन चालत नाही. आधी कुणा अभ्यासकाने तो वाचून कुठेतरी छापलेला हवा, मग त्याच्या आधारे लिहायचं. पण कागदाचा चांगला फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या साठ्यावर चढवता येईल, तो सगळ्यांना मोकळा होतो. फक्त एकदा चढवला की कुणीही वापरू शकतं, छापूही शकतं, हे लक्षात घ्या.

नाना: कुणीही म्हणजे माझे चुलतभाऊसुद्धा?

मुग्धा: तेसुद्धा.

नाना: मग राहू दे. वाटणीचा दावा अजून चालू आहे. 🙏

(यावर जे हसण्याचे इमोजी आले ते सगळे गाळलेत.)

सेक्रेटरी: रविवारी संध्याकाळी क्लबहाउसमध्ये सगळ्यांना शिकवूया. सोसायटीच्या नावाने एकच खातं काढू, पासवर्ड ऑफिसात ठेवू.

मुग्धा: तसं नको काका. एका खात्यामागे एकच माणूस असावा लागतो, कुणी काय लिहिलं ते लेखाच्या बदलांच्या यादीत दिसायला हवं. आणि खाती घरूनच काढून या. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती निघतात. क्लबहाउसच्या वाय-फायवर सातवा माणूस अडकेल.

खजिनदार: सातवा मीच असणार.

मुग्धा: मोबाइल डेटावर काढा काका. सुरुवात सगळ्यांनी धूळपाटीवर करायची. कुणी काही बदललं किंवा काढलं तर भांडायचं नाही, लेखाच्या चर्चा पानावर कारण विचारायचं.

नाना: नोटीस न देता काढलं तर?

मुग्धा: तरी चर्चा पान. 🙂

माई: वाटून घेऊया. ताम्रपट मी घेते. सुरतेचा तह नाना. वडगाव मुग्धा. वसईचा १८०२ चा तह कुणी घेतंय का? ३१ डिसेंबरची सही आहे.

वहिनी: वसई मी घेते, माझं माहेर आहे.

ओंकार: मी साल्बाई. आणि सुरतेचं ते वाक्य बदललं नाना. आता असं आहे: "डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला, मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावाने साष्टी व वसई देण्याचे मान्य केले." संदर्भ गॅझेटियरचा दिलाय.

नाना: 'मान्य केले' बरोबर. 'दिली' लिहू नकोस, द्यायला त्याच्याकडे नव्हती.

माई: पान नंबर राहिलाय ओंकार.