मदत हवी आहे: फर्म की फेडरल प्रॉसिक्युटरचं ऑफिस? शुक्रवारपर्यंत कळवायचंय

एडिसनचा_बाबा
मुलगी लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅनहॅटनच्या एका मोठ्या फर्मने पुढच्या उन्हाळ्याची ऑफर दिली आहे. तिथे उन्हाळा नीट गेला की पुढची नोकरी जवळजवळ पक्की. पण बाईसाहेबांना प्रॉसिक्युटर व्हायचंय, म्हणून न्यूअर्कच्या ऑफिसात इंटर्नशिप करते म्हणते. तीही फुकट! फीच्या कर्जावर सही माझी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फर्मला उत्तर द्यायचंय, त्यात तो फॉर्म अडून बसलाय तो वेगळाच. या लाइनीत करिअर असतं का? पटकन सांगा. तत्त्वज्ञान नको.

सुमेधा_क्वीन्स
न्यूअर्कचं कुठलं ऑफिस? काउंटी प्रॉसिक्युटर की यू. एस. अटर्नी? पहिलं राज्याचं, दुसरं फेडरल. दोन्ही न्यूअर्कमध्येच आहेत. आणि फॉर्म कुठला अडलाय?

एडिसनचा_बाबा
फेडरल. शीर्षकात लिहिलंय की.

लातूरचा_वकील
सरकारी वकील व्हायचं असेल तर एमपीएससीची सहायक सरकारी अभियोक्ता परीक्षा आहे. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा कायदा पाठ पाहिजे. आता नवीन संहिता आल्यात, त्यामुळे जुन्या नोट्स चालणार नाहीत. माझ्याकडे नवीन आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खवचट_काका
अहो वकीलसाहेब, पोरगी न्यू जर्सीत आहे.

लातूरचा_वकील
परत आली तर उपयोगी पडेल म्हणून सांगितलं. उज्ज्वल निकमांनीही जळगावातूनच सुरुवात केली होती.

हडसनपार
मी फर्ममध्ये चार वर्षं काढली, म्हणून सांगतो. फर्म घ्या, डोळे मिटून. मोठ्या फर्मांत पहिल्या वर्षाला सव्वादोन लाख डॉलर चालू आहेत. फेडरल ऑफिसात सुरुवातीला त्याच्या निम्मे मिळाले तरी नशीब समजा. आणि तिथे पदवी घेतल्या घेतल्या कोणी घेतही नाही. नियमाने एक वर्षाचा अनुभव लागतो, पण बरीच ऑफिसं तीन-चार वर्षं काढलेले लोक बघतात. म्हणजे मधली वर्षं कुठेतरी काढायचीच आहेत. तर मग पगार घेऊन काढा, कर्ज फेडा आणि मग देशसेवा करा.

सुमेधा_क्वीन्स
काढा, पण कुठे? फर्ममध्ये तीन वर्षं ती कागदपत्रं चाळणार, न्यायाधीशासमोर तोंडही उघडायला मिळणार नाही. मी डिस्ट्रिक्ट अटर्नीकडे, म्हणजे राज्याच्या प्रॉसिक्युटरकडे आहे. पहिल्याच वर्षी साक्षीदार तपासले, ज्यूरीसमोर उभी राहिले, तोंडावर पडले आणि शिकले. फेडरलवाल्यांना कोर्टात उभा राहिलेला माणूस लागतो.

हडसनपार
तुम्ही किती जणांना फेडरलमध्ये गेलेलं पाहिलंय? मी आमच्या मजल्यावरचे तीन पाहिले. तिघेही आधी फेडरल न्यायाधीशाकडे वर्षभर क्लर्कशिप, म्हणजे त्यांचे कायदा-सहायक म्हणून काम करून आलेले.

सुमेधा_क्वीन्स
म्हणजे श्रेय क्लर्कशिपचं, फर्मचं नाही. तुम्हीच सांगितलंत.

मिनेसोटा_मावशी
प्रीत भरारा आठवले. जर्सीतच वाढलेले. २००९ ते २०१७ न्यूयॉर्कच्या सदर्न डिस्ट्रिक्टचे (मॅनहॅटन त्यातच येतं) यू. एस. अटर्नी होते. शेअर घोटाळ्यातले राजरत्नम, रजत गुप्ता, सगळ्यांना त्यांच्याच ऑफिसने आत पाठवलं. आणि न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातल्या आपल्या देवयानी खोब्रागडेंना अटकही त्यांनीच केली होती ना?

खवचट_काका
नाही हो मावशी. डिसेंबर २०१३ मधली ती अटक परराष्ट्र खात्याच्या सुरक्षा शाखेने केली होती. भरारांच्या ऑफिसने खटला चालवला, आणि मार्च २०१४ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर तो कोर्टाने काढून टाकला. मग त्यांनी पुन्हा दाखल केला. प्रॉसिक्युटर हातकड्या घालत नाही. पुरावा एफबीआयसारख्या तपास संस्था गोळा करतात. आरोप ठेवायचा की नाही हे प्रॉसिक्युटर ठरवतो, आणि मोठ्या गुन्ह्यात तो ग्रँड ज्यूरीच्या, म्हणजे सामान्य नागरिकांच्या मंडळाच्या गळी उतरवावा लागतो. १६ ते २३ माणसं बसतात, त्यातल्या १२ जणांना पटलं पाहिजे.

मिनेसोटा_मावशी
तेव्हा दिल्लीत अमेरिकन वकिलातीपुढचे अडथळे बुलडोझरने काढले होते. मी आईकडे होते तेव्हा, टीव्हीवर दुसरं काही नव्हतंच.

एडिसनचा_बाबा
खोब्रागडेंचं सोडा हो. शुक्रवार!!

वऱ्हाडी_इन_व्हर्जिनिया
सरकारी नोकरी म्हणजे निवांत, हा भ्रम ठेवू नका. यू. एस. अटर्नी राष्ट्राध्यक्ष नेमतो, सेनेट मान्यता देते. सरकार बदललं की साहेब बदलतो, खालचे असिस्टंट वकील टिकतात, असं आजवर होतं. मार्च २०१७ मध्ये ४६ जणांना राजीनामे मागितले, भरारांनी दिला नाही तर काढलं. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांचा खटला मागे घ्या म्हणून वरून सांगितलं, तेव्हा तिथल्या हंगामी यू. एस. अटर्नीबाईंनीच राजीनामा दिला, पाठोपाठ खालच्या असिस्टंटनीही दिले. घरात एकाचा तरी पगार पक्का ठेवा.
आणि गांजाबद्दल पोरीला विचारा. न्यू जर्सीत चालतो, फेडरलला नाही. नोकरीआधी ड्रग टेस्ट आणि मागच्या वर्षांची चौकशी होते.

एडिसनचा_बाबा
आमची पोरगी साधी सुपारी खात नाही.

खवचट_काका
सगळेच बाबा असं म्हणतात.

सुमेधा_क्वीन्स
बाबा, दुसऱ्यांदा विचारते. फॉर्म कुठला अडलाय?

एडिसनचा_बाबा
इंटर्नशिपचा. नागरिकत्वाचा पुरावा लावा म्हणतात. ती नऊ वर्षांची असताना आली, चौथीपासून इथेच शिकली. ग्रीनकार्ड आहे. ते चालेल ना?

हडसनपार
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं राव! न्याय खात्यात वकील म्हणून नागरिकच लागतो, आणि इंटर्नलाही बहुतेक तोच नियम. विषय संपला. फर्म घ्या.

सुमेधा_क्वीन्स
थांबा, संपला नाही. बाबा, तुम्ही नागरिक आहात का? कधी झालात? तेव्हा ती किती वर्षांची होती, कुठे राहत होती, ग्रीनकार्ड तेव्हा होतं का?

एडिसनचा_बाबा
मी २०१६ ला. ती पंधराची होती, अर्थात आमच्याच घरी. ग्रीनकार्ड आम्हा तिघांना एकदमच मिळालं होतं. पण तिची शपथ वगैरे झालीच नाही.

सुमेधा_क्वीन्स
मग ती २०१६ पासूनच अमेरिकन नागरिक आहे. अठराच्या आतलं मूल, ग्रीनकार्ड असलेलं आणि नागरिक असलेल्या आईच्या किंवा वडिलांच्या ताब्यात इथे राहणारं, एवढं जुळलं की कायद्यानेच नागरिकत्व येतं. हा कायदा २००१ पासून आहे. शपथ लागत नाही. फक्त तुम्ही कागद केला नाहीत. तुमचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, तिचं ग्रीनकार्ड आणि जन्मदाखला लावून पासपोर्टला अर्ज करा, जादा पैसे भरून लवकरचा. एन-६०० नावाचं प्रमाणपत्रही निघतं, पण त्याला फार वेळ लागतो.

एडिसनचा_बाबा
काय सांगता! नऊ वर्षं ही पोरगी ग्रीनकार्ड सांभाळत फिरतेय. २०१९ ला भारतीय पासपोर्टवर पुण्याला जाऊन आली, त्याचं काय?

वऱ्हाडी_इन_व्हर्जिनिया
भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागेल, त्यानंतरच ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड). आणि पुढे वकील म्हणून लागताना एसएफ-८६ नावाचा पार्श्वभूमी तपासणीचा लांबलचक फॉर्म असतो, त्यात परदेशवाऱ्या, पुण्याची आजी, सगळं येतं. जसं घडलं तसंच लिहायचं. तिथे चुकीपेक्षा लपवालपवी जास्त महाग पडते.

हडसनपार
बरं, मान्य. पण मग भांडण कशाचं आहे? या ऑफिसांत सेमिस्टरमध्येही इंटर्न घेतात, कॉलेज क्रेडिट देतं. उन्हाळ्यात फर्म, पुढच्या सेमिस्टरला न्यूअर्क. शुक्रवारी फर्मला हो म्हणा.

सुमेधा_क्वीन्स
हडसनपार यांच्याशी आयुष्यात पहिल्यांदा सहमत. फक्त हो कोणी म्हणायचं ते पोरीला ठरवू द्या. ती इथे येऊन वाचतेय का?

एडिसनचा_बाबा
मागे उभी राहून वाचतेय. 'मी हेच सांगत होते' म्हणाली. सेमिस्टरचं म्हणे तिने मला दोनदा सांगितलं होतं. असेल.
जन्मदाखला शोधला. महापालिकेचा आहे, पण मराठीत, आणि नावाच्या रकान्यात काहीच नाही. पुढे नुसतं 'स्त्री' लिहिलंय. हा चालेल का?

लातूरचा_वकील
नाही चालायचा. महापालिकेत नाव चढवून नवीन दाखला काढावा लागेल. पुण्यात माझा मेहुणा आहे, व्यनि करा.